आग दिसते, कात्री दिसत नाही

फ्रान्स्वा त्रुफोच्या ‘फॅरनहाइट ४५१’ या सिनेमाची श्रेयनामावली वाचता येत नाही, ऐकावी लागते. घरांच्या छपरांवरच्या टीव्ही अँटेनांवर कॅमेरा एकामागून एक झेपावतो आणि एक आवाज नटांची, तंत्रज्ञांची नावं सांगत जातो. पडद्यावर अक्षर म्हणून नाही. जिथे पुस्तक बाळगणं हाच गुन्हा आहे अशा देशाची गोष्ट सांगायची, तर प्रेक्षकालाही पहिल्या मिनिटापासून अक्षरांचा उपास घडवायचा, ही १९६६ सालची युक्ती आजही ताजी वाटते. पुढे नायक पलंगावर पडून वर्तमानपत्र उघडतो, तर त्यातही नुसत्या चित्रांच्या चौकटी, शब्द एकही नाही.

पण हा सिनेमा पाहिलेल्या कुणालाही विचारा, त्याच्या लक्षात राहिलेली असते ती आग. लाल बंब, काळे गणवेश, आणि पानं काळी पडत, मुडपत जाणारी पुस्तकं.

रे ब्रॅडबरीची मूळ कादंबरी १९५३ ची. भविष्यातली अमेरिका. घरं आता पेट घेत नाहीत, त्यामुळे अग्निशमन दलाला विझवायला काही उरलेलं नाही; ते पुस्तकं जाळत फिरतं. कागद ज्या तापमानाला पेटतो ते म्हणे ४५१ अंश फॅरनहाइट, म्हणून हे नाव. गाय मोंटाग हा त्या दलातला जवान. जाळता जाळता तो एक पुस्तक लपवतो, मग वाचतो, आणि मग ना दलात ना घरात, त्याचं मन कुठेच लागत नाही. शेवटी तो पळून रानात जातो. तिथे माणसं एकेक पुस्तक पाठ करून जपत बसलेली आहेत.

गेली सत्तर वर्षं ही कादंबरी सरकारी पुस्तकबंदीविरुद्धचा झेंडा म्हणून मिरवली जाते. जगात कुठेही पुस्तकावर गदा आली की तिचं नाव निघतं. तिच्यावरच्या दोन्ही मोठ्या चित्रपटांनी हा समज पक्का केला, कारण कॅमेऱ्याला आगीचा भारी सोस. माझं म्हणणं असं, की या वाचनात कादंबरीतली सगळ्यात बोचरी गोष्ट हातची निसटते, आणि ती निसटल्यामुळे पुस्तकबंदीच्या प्रत्येक वादात आपण चुकीच्या दारावर पहारा देत बसतो.

ती बोचरी गोष्ट दलाचा कॅप्टन बीटी सांगतो. मोंटाग आजारपणाचं निमित्त करून घरी पडलेला असतो, तेव्हा बीटी त्याच्या पलंगाशी बसून, पाइप ओढत, दलाचा इतिहास ऐकवतो. त्याच्या सांगण्यानुसार हे सगळं वरून लादलं गेलेलं नाही. सुरुवातीला फतवा नाही, कायदा नाही. आधी लोकांना वेळ पुरेना. मग पुस्तकं आखूड झाली. अभिजात ग्रंथ पंधरा मिनिटांच्या रेडिओ कार्यक्रमात बसले, नंतर दोन मिनिटांच्या सदरात, शेवटी शब्दकोशातल्या दहा-बारा ओळींत. मग कुणाला हे पान खुपलं, कुणाला ते. ज्याला जे खुपेल ते गाळत गाळत मासिकं पांचट झाली. लोकांनी वाचणं सोडलं. बंबवाल्यांच्या हाती रॉकेल आलं ते सगळ्यात शेवटी, आणि तेही लोकांचं मन शांत राहावं म्हणून. म्हणजे या कादंबरीत आग ही सुरुवात नाही. घरातलं सगळं सामान आधीच हलवून झालेलं आहे, आग फक्त रिकामी कपाटं जाळते आहे.

तरीही लोकांनी तिच्यात सरकार पाहिलं, यात त्यांचा दोष नाही. नाझी विद्यार्थ्यांनी बर्लिनच्या ऑपेरा चौकात पुस्तकांची होळी केली ती १० मे १९३३ ला. ती दृश्यं ब्रॅडबरीच्या पिढीने न्यूजरीलमध्ये पाहिली होती. कादंबरी आली त्याच १९५३ च्या वसंतात कम्युनिस्टांविरुद्ध मोहीम उघडलेले सिनेटर मॅकार्थी यांचे दोन साहाय्यक, कोहन आणि शाइन, युरोपातल्या अमेरिकी सरकारी वाचनालयांत ‘कम्युनिस्ट’ पुस्तकं हुडकत फिरत होते. जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात, पुस्तकं जाळणाऱ्यांच्या टोळीत सामील होऊ नका, असं उघड बजावावं लागलं. अशा हवेत पुस्तकं जाळणाऱ्या दलाची गोष्ट आली तर वाचक दुसरं काय समजणार? ब्रॅडबरीने ती लिहिली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात, भाड्याच्या टंकलेखन यंत्रावर. अर्ध्या तासाला दहा सेंट, नाणं टाकायचं आणि बडवत सुटायचं. पहिल्या खर्ड्याचा खर्च नऊ डॉलर ऐंशी सेंट. कॉलेजचं तोंड न पाहिलेला, सार्वजनिक वाचनालयांत वाढलेला हा माणूस. ‘लोकांनी स्वतःहून पुस्तकं सोडली’ असं लिहिताना त्याला सरकारपेक्षा शेजाऱ्याची जास्त भीती वाटत होती, असं मला वाटतं.

त्रुफोचा हा पहिला रंगीत सिनेमा आणि इंग्रजीतला एकुलता एक. इंग्रजी त्याला जेमतेम येत होतं, आणि ते संवादांत जाणवतं. मोंटाग झालेल्या ऑस्कर वेर्नरशी चित्रीकरणाच्या वेळी त्याचं पार फाटलं होतं. पण छायाचित्रण निकोलस रोगचं, संगीत बर्नार्ड हरमनचं. एक म्हातारी आपल्या घरातला गुप्त ग्रंथसंग्रह सोडून बाहेर यायला नकार देते. पुस्तकांच्या राशीवर उभी राहून ती स्वतःच काडी ओढते. हा प्रसंग एकदा पाहिला की विसरता येत नाही. आणि माझी अडचण नेमकी इथेच सुरू होते. ती आग फार देखणी आहे. प्रेक्षक थरारतो, हळहळतो, आणि दुष्ट कोण ते त्याला ताबडतोब कळतं: काळ्या गणवेशातला तो. आपण कुठे गणवेश घातलाय? सुटलो.

बीटीचं ते भाषण सिनेमात नाही असं नाही. कॅप्टन, म्हणजे सिरिल क्यूसॅक, म्हातारीच्याच ग्रंथसंग्रहात फिरत तक्रारींची जंत्री ऐकवतो: हे पुस्तक अमक्यांना आवडलं नाही, ते तमक्यांना. पण आधी वाचक गेला आणि मग कायदा आला, हा क्रम पुसट होतो. तो क्रम त्रुफोने दुसरीकडे नेला आहे, मोंटागच्या बायकोकडे. कादंबरीतली मिल्ड्रेड इथे लिंडा झाली आहे, आणि ज्युली क्रिस्टी तिची आणि मोंटागला विचारात पाडणाऱ्या क्लॅरिसची, अशा दोन्ही भूमिका करते. भिंतीवरच्या टीव्हीवर एक नाटुकलं चालू असतं. दोन गृहस्थ जेवणावळीत कुणाला कुठे बसवायचं याची चर्चा करतात आणि मधेच कॅमेऱ्याकडे वळून विचारतात, तुला काय वाटतं, लिंडा? लिंडा गडबडते, काहीतरी उत्तर देते, आणि तिचं म्हणणं बरोबर ठरलं म्हणून हरखून जाते. आपण नाटकात काम केलं! मोंटाग तिला सांगतो की देशातल्या सगळ्याच लिंडांना आज हाच प्रश्न विचारला असणार. ती दुखावते. खोटं बोलला म्हणून नव्हे, आनंदावर पाणी टाकलं म्हणून. सगळ्या सिनेमात मला खरी भीती वाटते ती या दोन मिनिटांत. इथे काहीच जळत नाही.

रामीन बहरानीचा २०१८ चा सिनेमा ही जागाही सोडून देतो. एचबीओसाठी केलेल्या या रूपांतरात मायकेल बी. जॉर्डन मोंटाग आहे, मायकेल शॅनन बीटी. पुस्तकं जाळण्याचं थेट प्रक्षेपण होतं, गगनचुंबी इमारतींवर ते झळकतं, प्रेक्षक इमोजी फेकतात. कल्पना काळाला धरून आहे, आणि ‘हे तुम्हीच मागितलंत’ असा सूर त्यात अधूनमधून लागतोही. पण बायको गायब. मोंटागचं घर गेलं, दिवाणखाना गेला. उरला तो आगीचा तमाशा आणि पुस्तकं डीएनएत साठवून वाचवण्याची एक चमत्कारिक योजना. समाजमाध्यमांच्या काळातला सिनेमा लिंडाला काढून टाकतो, हे मला अजून उमगलेलं नाही. आज तर घरोघर लिंडा आहे, आणि ‘तुम्हाला काय वाटतं?’ असा प्रश्न तिला दिवसातून पन्नास वेळा विचारला जातो.

आता या कादंबरीच्या स्वतःच्या वाट्याला काय आलं ते पाहा. बीटीचं भाषण त्यापुढे फिकं पडावं.

१९६७ मध्ये बॅलंटाइन या प्रकाशनाने तिची शाळांसाठी एक आवृत्ती काढली. संपादकांनी तिच्यावरून हलकेच कात्री फिरवली. ‘हेल’, ‘डॅम’ यांसारखे शिव्यावजा शब्द गेले, गर्भपाताचा उल्लेख गेला. दारू प्यायलेला माणूस ‘आजारी’ झाला. बेंबीतला मळ काढण्याचा उल्लेख होता, तिथे कान साफ करणं आलं. एकूण पंचाहत्तर ठिकाणी बदल. लेखकाला विचारलं नाही, आणि पुस्तक बदललं आहे अशी ओळही आत छापली नाही. काही वर्षं मूळ आवृत्ती आणि कापलेली आवृत्ती शेजारी शेजारी विकल्या जात होत्या. १९७३ पासून मूळ आवृत्ती छापणंच थांबलं. पुढची सहा वर्षं, पुस्तकांच्या छळाविरुद्धची ही जगप्रसिद्ध कादंबरी, दुकानात, शाळेत, सगळीकडे फक्त छाटलेल्या रूपात मिळत होती. कुणाला पत्ता नव्हता. अखेर विद्यार्थ्यांनी पत्रं लिहून ब्रॅडबरीच्या कानावर घातलं, तो भडकला, १९७९ मध्ये त्याने एक जळजळीत उपसंहार लिहिला आणि १९८० मध्ये मूळ मजकूर परत आला. एवढं होऊनही १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनमधल्या एका शाळेने मुलांना हीच कादंबरी वाचायला दिली, ती आक्षेपार्ह शब्दांवर काळी शाई फासून!

सहा वर्षांत लाखो डोळ्यांखालून गेलेल्या त्या पुस्तकात एकही पान जळालेलं नव्हतं. दुकानात भरपूर प्रती होत्या. सरकारचा काडीचा संबंध नव्हता. बंदीची यादी करणाऱ्या कुठल्याही संस्थेच्या वहीत हे पुस्तक बसलं नसतं, कारण ते तर सर्वत्र मिळत होतं.

उपसंहारात ब्रॅडबरीने मात्र रोख धरला तो तक्रार करणाऱ्या नाना गटांवर. अल्पसंख्य, स्त्रीवादी, धार्मिक, ज्याला त्याला आपापलं पान फाडायचं आहे, असा त्याचा सूर आहे. बीटीच्या भाषणातही तोच आहे. इथे मी ब्रॅडबरीशी सहमत नाही. तक्रार करणारा आणि कापणारा ही दोन वेगळी माणसं असतात. एखाद्या कादंबरीतल्या काळ्या पात्राबद्दल कुणी नाराजीचं पत्र पाठवलं, तर त्या पत्राने एकही शब्द हलत नाही. शब्द हलवतो तो ज्याच्या हातात छपाई आहे तो. ब्रॅडबरीच्याच पुस्तकाचं पाहा ना: शाळांचा धंदा हातचा जाऊ नये म्हणून त्याच्याच प्रकाशकाने आपण होऊन कात्री उचलली. एवढा ढळढळीत पुरावा स्वतःच्या घरात असताना त्याने दुबळ्यांकडे बोट दाखवावं, हे त्याच्यासारख्याला शोभलं नाही.

आपल्याकडच्या एका प्रकरणाचा क्रम या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकातल्या मजकुरावरून संताप झाला, आणि ज्या विधानावरून तो झाला ते मलाही बेजबाबदारच वाटतं. पण तारखा लावून बघा. नोव्हेंबर २००३ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ते पुस्तक भारतातून मागे घेतलं. म्हणजे पुस्तक बाजारातून गेलेलं होतं. त्यानंतर, ५ जानेवारी २००४ ला, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर जमाव चालून गेला आणि हस्तलिखितांची, ग्रंथांची नासधूस झाली. राज्य सरकारची बंदी आली ती त्याच महिन्यात, पण हल्ल्यानंतर. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. आपण वाद घातला तो जमावावर आणि बंदीवर. निकाल लागला तोही बंदीचा. प्रकाशकाच्या माघारीवर निकाल लागत नसतो. सरकारने अडवलेलं पुस्तक न्यायालय सोडवू शकतं, प्रकाशकाने गुंडाळलेलं पुस्तक परत छापा असा हुकूम ते देऊ शकत नाही. बीटीने सांगितलेला क्रम इथे जसाच्या तसा दिसतो: माघार, मग मोडतोड, मग कायदा.

या सगळ्यावर उपाय म्हणून लोक सिनेमाच्या शेवटाकडे बोट दाखवतात. रानात बर्फ पडतोय, माणसं आपापलं पुस्तक पुटपुटत येरझाऱ्या घालताहेत. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चे दोन भाग म्हणजे दोन जुळे भाऊ. मरणाच्या दारातला एक म्हातारा एका मुलाकडून स्टीव्हन्सनची कादंबरी घोकून घेतोय. सुंदरच आहे. आणि हे निव्वळ कल्पनेतलं नाही. स्टालिनच्या काळात रशियन कवयित्री आन्ना आख्मातोवा ‘रेक्विएम’मधल्या कविता कागदाच्या कपट्यावर लिहायची, घरात चोरकान असतील म्हणून मोठ्याने चहाबद्दल काहीबाही बोलत तो कपटा लिदिया चुकोव्स्काया या मैत्रिणीपुढे धरायची, तिचं पाठ झालं की राखदाणीवर जाळून टाकायची. मराठीत तर याहून जुना दाखला आहे. म्हाइंभटाने जुळवलेलं ‘लीळाचरित्र’ खालशाच्या (सुलतानी फौजेच्या) धाडीत हरवलं, तेव्हा हिराइसाच्या पाठांतरातून ते पुन्हा उभं राहिलं, असं महानुभाव परंपरा सांगते. एका बाईच्या स्मरणशक्तीवर मराठीचा आद्य गद्यग्रंथ तरला.

पण तिथेच पुढची गोष्टही आहे. पोथी एकच परत आली नाही. ज्याला जसं आठवलं तसं सांगितलं गेलं आणि लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ तयार झाले. अमुक लीळा एकात आहे, दुसऱ्यात नाही, यावर अभ्यासक आजही डोकं शिणवतात. आठवणीलाही कात्री असते, आणि ती तर मालकालाही दिसत नाही. शिवाय पाठ कोण काय करणार? माणूस पाठ करतो ते आवडीचं. त्रुफोच्या सिनेमात कॅप्टन जाळायच्या पुस्तकांतून हिटलरचं ‘माइन काम्फ’ हातात धरून दाखवतो, आणि सगळीच जाळायला हवीत म्हणतो. प्रेक्षक क्षणभर चपापतो: हेही वाचवायचं का? रानात मात्र हा प्रश्न सुटलेला असतो. राजकारणातल्या कपटासाठी बदनाम मॅकियाव्हेलीपर्यंत मजल जाते, पण ‘मी माइन काम्फ’ अशी स्वतःची ओळख कुणी करून देत नाही. नावडत्या पुस्तकालाही जागा देणं हे काम माणसाच्या प्रेमावर सोपवता येत नाही. त्यासाठी फडताळ लागतं, नोंदवही लागते, पगारी ग्रंथपाल लागतो. सिनेमाचा शेवट प्रेमाचा आहे, ग्रंथालयाचा नाही, आणि मला तो म्हणूनच अपुरा वाटतो.

अमेरिकेत सध्या शाळांतून पुस्तकं काढण्याची लाट आहे. पेन अमेरिका या संस्थेने २०२३-२४ या एका शालेय वर्षात १०,०४६ प्रकरणं मोजली. हे मोजलं जातंय ते उत्तम. टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने २०२२ मध्ये ज्यूंच्या संहारावरचं ‘माउस’ हे चित्रमय पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं, कारण काय, तर काही शिव्या आणि एक नग्न चित्र. पण ते मंडळाच्या बैठकीत, मतदान घेऊन झालं, म्हणून जगाला कळलं आणि लोकांनी ते पुस्तक धडाधड विकत घेतलं. उघड्यावर केलेला अन्याय निदान भांडायला सापडतो. २०२३ मध्ये पफिन या प्रकाशनाने रोआल्ड डालच्या बालपुस्तकांतले शेकडो शब्द बदलल्याचं वर्तमानपत्रांनी बाहेर काढलं, आरडाओरडा झाला, तेव्हा प्रकाशनाला जुना मजकूरही छापत राहू असं जाहीर करावं लागलं. छापील पुस्तकात निदान जुनी प्रत माळ्यावर सापडते. पडद्यावरच्या पुस्तकाचा मजकूर रात्रीत बदलला तर ताडून बघायला हाती काय असतं?

यावर कुणी म्हणेल, मग मुलांसाठी सोपी, सौम्य आवृत्ती काढूच नये की काय? काढावी की. संक्षिप्त रूपांतरं वाचूनच आपल्यातले कितीतरी जण वाचक झाले. त्यावर ‘संक्षिप्त’ असं लिहिलेलं असायचं, आणि मोठं झाल्यावर मूळ पुस्तक शोधायची खूणगाठ तिथेच बांधली जायची. माझी मागणी तेवढीच आहे. मूळ मजकुरातला शब्द बदलला, ओळ गाळली, तर मुखपृष्ठाच्या आत तसं छापा: कोणत्या साली, कुणी, कुणाच्या परवानगीने. ई-पुस्तकालाही तोच नियम. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं तर कारणासह जाहीर करावं. ग्रंथालयाने पुस्तक बाद केलं तर बाद पुस्तकांची यादी सभासदांना मागताक्षणी दाखवावी. यात कुणाच्या भावना दुखावत नाहीत, आणि खर्च म्हणाल तर दोन ओळींच्या शाईचा. तरीही याला विरोध होईल, आणि तो बंबवाल्यांकडून नव्हे, तर पुस्तकांच्या धंद्यातल्या माणसांकडून होईल. गुपचूप बदलता येणं ही त्यांची मोठी सोय आहे, आणि १९६७ ते १९७९ अशी बारा वर्षं खुद्द ब्रॅडबरीच्या प्रकाशकाने ती वापरली.